मोघम चालत नाही

मी सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते हे आमच्या मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक आहे. नेमकं काय करते, हे मात्र इतक्या वर्षांत कुणाला सांगता आलेलं नाही. अम्मी शेजारणींना सांगते, "कॉम्प्युटरवर लिहिते." मला हे उत्तर आवडतं, कारण ते खरं आहे. प्रोग्रॅम करणं म्हणजे लिहिणंच. फक्त वाचणारा वेगळा असतो. माणूस वाचत असेल तर आपण अर्धं बोललो तरी तो उरलेलं समजून घेतो. यंत्र समजून घेत नाही. 'साधारण', 'बघू', 'देऊन टाकू कधीतरी' असल्या शब्दांवर आपला संसार चालतो, समाज चालतो. प्रोग्रॅम चालत नाही. या धंद्यानं मला काय शिकवलं ते थोडक्यात सांगायचं तर एवढंच, की मोघम चालत नाही. पण हे मला नोकरीत कमी आणि घरच्या, बिनपैशाच्या प्रोग्रॅमांत जास्त समजलं.

आमचं घर मिरजेचं. अब्बा एसटीत कंडक्टर होते. तेव्हा तिकिटांची यंत्रं नव्हती. पत्र्याच्या ट्रेमध्ये वेगवेगळ्या किमतीच्या तिकिटांचे गठ्ठे असत. प्रत्येक गठ्ठ्याचा सुरुवातीचा नंबर आणि शेवटचा नंबर वेबिलावर लिहायचा, वजाबाकी करायची, किमतीनं गुणायचं आणि सगळ्याची बेरीज घ्यायची. ही बेरीज आणि बॅगेतली रोकड जुळलीच पाहिजे. नाही जुळली तर तूट खिशातून भरायची. सुट्टीच्या दिवशी अब्बा पाठकोऱ्या कागदावर मला असलीच गणितं घालत आणि उत्तर बरोबर आलं तरी विचारत, "जुळवून बघितलंस का?" उत्तर काढणं आणि ते जुळवून बघणं ही दोन वेगळी कामं आहेत हे मी तिथं शिकले. पुढं कंपनीत याच दुसऱ्या कामाला टेस्टिंग म्हणतात असं कळलं आणि त्यासाठी वेगळी माणसं पगारावर ठेवलेली पाहिली.

शाळा मराठी माध्यमाची, मकतबात अरबी, घरात दखनी. इंग्रजी होतं ते क्रमिक पुस्तकापुरतं. १९९६ साली बारावी झाले आणि बीसीएसला प्रवेश घेतला. नातेवाइकांनी अब्बांना पुष्कळ समजावलं. मुलीला टायपिंग शिकवा, डी.एड. करा, एवढं शिकली तर तोडीचा मुलगा कुठून आणणार? अब्बांनी वाद घातला नाही. फी भरून पावती घरी आणली, एवढंच.

कॉलेजच्या लॅबमध्ये एका मशीनवर आम्ही तिघं असायचो. टर्बो सीचा निळा पडदा, खिशात एक फ्लॉपी आणि हातात नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी'. मशीन वाट्याला फार थोडा वेळ यायचं. म्हणून प्रोग्रॅम आधी वहीत लिहायचा, कागदावरच एकेक ओळ चालवून बघायची, कुठल्या ओळीला कुठल्या खणात कोणता आकडा आहे ते लिहायचं आणि मगच लॅबमध्ये जायचं. ही अडचण होती खरी, पण ती आमची मोठी शिक्षक ठरली. मशीन हाताशी नसताना विचार करायची सवय लागली. आजच्या मुलांना ती मुद्दाम लावून घ्यावी लागते.

शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतो. बहुतेक जण लायब्ररीचा नाही तर औषधाच्या दुकानाचा हिशेब करत. मी नमाजच्या वेळा काढायचा प्रोग्रॅम घेतला. वर्षभराचा तक्ता तर प्रत्येक मशिदीत लावलेला असतो, त्यात काय करायचं, असं सगळ्यांना वाटलं. करायला घेतल्यावर एकेक प्रश्न उभा राहिला. जोहरची वेळ सूर्य माथ्यावरून कलल्यावर सुरू होते. पण आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आहे आणि मिरज साधारण ७४.६५ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं धरली तर मिरजेची दुपार घड्याळाच्या बारानंतर सरासरी एकतीस मिनिटांनी होते. शिवाय तीही वर्षभर थोडी पुढंमागं सरकते. पुढं फजर. पहाटेचा उजेड फुटला म्हणजे सूर्य क्षितिजाच्या किती खाली? कुणी १८ अंश धरतात, कुणी १५. असरला वस्तूची सावली, माथ्यावरच्या वेळची सावली वगळून, वस्तूएवढी धरायची की दुप्पट? कोकणातले आपले शाफई भाऊ एकपट धरतात, आम्ही हनफी दुप्पट. 'सुबह', 'दुपार', 'सावली' हे रोज तोंडात असलेले शब्द. पण यंत्राला सांगायचे म्हटल्यावर प्रत्येकामागं एक आकडा शोधावा लागला आणि प्रत्येक आकड्यामागं कुणाचा तरी शेकडो वर्षांचा विचार सापडला. धर्माच्या पुस्तकात आणि त्रिकोणमितीत भांडण असतं असं मला कुणी सांगितलं असतं, तर त्या वर्षी मला हसू आलं असतं.

पुण्यात एमसीए केलं. २००२ साली बाहेर पडले तेव्हा अमेरिकेतल्या डॉटकॉम कंपन्या बुडून झाल्या होत्या आणि इकडे नोकऱ्या नव्हत्या. वर्षभर एका क्लासमध्ये शिकवलं. २००३ मध्ये नोकरी लागली. कॉट मिळवायला मात्र नोकरीपेक्षा जास्त हिंडावं लागलं. फोनवर खोली रिकामी असायची. नाव सांगितलं की ती भरलेली निघायची. हा अनुभव या अंकाच्या वाचकांना नवा नाही, म्हणून त्यावर थांबत नाही.

कंपनीत मला कोबोल दिलं. ही भाषा १९५९-६० च्या सुमारास जन्मली, म्हणजे माझ्यापेक्षा वयानं मोठी. परदेशातल्या एका विमा कंपनीचे दावे तपासणारी जुनी प्रणाली होती. तिची डागडुजी करायची. बरोबरच्यांना वाटे, आपल्याला भंगार मिळालं. मला त्या जुन्या ओळी वाचताना मजा यायची. पैशाची इतकी काळजी मी दुसरीकडं पाहिली नाही. त्यातली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. कॉम्प्युटर आकडे दोनच अंकांत साठवतो, शून्य आणि एक. त्या पद्धतीत आपला साधा ०.१ पूर्ण बसत नाही, जसा आपल्या दशांशात एक तृतीयांश बसत नाही. लिहीत राहिलं तरी संपत नाही. म्हणून नेहमीच्या पद्धतीनं ०.१ आणि ०.२ मिळवले तर उत्तर ०.३ येत नाही. तीनच्या पुढं बरीच शून्यं येऊन शेवटी एक चार उगवतो. एका व्यवहारात हा फरक दिसत नाही, लाखो व्यवहारांत तो कुणाचा तरी पैसा असतो. कोबोलमध्ये पैशाचे आकडे दशांशातच ठेवायची सोय पहिल्यापासून आहे. बँका आणि विमा कंपन्या त्या भाषेला इतकी वर्षं चिकटून राहिल्या त्याचं हेही एक कारण.

पुढं जावा आली, बढती आली, हाताखाली माणसं आली, बैठका आल्या. पण नोकरीतला प्रोग्रॅम हा धरणाच्या भिंतीतल्या एका दगडासारखा असतो. तो आपण बसवलेला असतो, पण धरण आपलं नसतं आणि पाणी कुणाच्या शेतात जातं तेही दिसत नाही. म्हणून मी रात्री आणि सुट्टीत स्वतःचं काहीतरी करत राहिले. त्यातलाच एक प्रोग्रॅम फराइजचा, म्हणजे वारसांच्या हिश्शांचा.

आपल्याकडं 'अल्गोरिदम' हा शब्द आता शाळेतल्या मुलांनाही येतो. तो नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून आला, हेही पुष्कळांनी ऐकलेलं असतं. पण त्यांच्या ज्या ग्रंथाच्या नावातून 'अल्जिब्रा' हा शब्द आला, त्या ग्रंथाचा मोठा भाग मृत्युपत्रं आणि वारसांच्या वाटण्या यांच्या उदाहरणांनी भरलेला आहे, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. बीजगणित जगाला शिकवणारं पुस्तक बायको, मुलगी, आई, बहीण यांचे हिस्से काढून दाखवतं. आपण मात्र ख्वारिझ्मींचा अभिमान बाळगतो आणि हिस्से काढत नाही.

आमच्या दादांचं मिरजेत घर होतं. दादा १९९१ साली गेले. मागं दादी, दोन मुलगे म्हणजे अब्बा आणि चाचा, आणि दोन मुली, माझ्या दोन्ही फुफू. वाटणी झाली नाही. उताऱ्यावर दादांचंच नाव राहिलं. मोठ्या फुफू १९९७ मध्ये गेल्या. त्यांचे पती, एक मुलगा आणि दोन मुली मागं राहिल्या. दादी २००४ मध्ये गेली. २०१२ मध्ये घर विकायचं ठरलं. तेव्हा घरात जे ठरलं ते असं : रक्कम दोघा भावांत निम्मी-निम्मी, धाकट्या फुफूंची हक्कसोड पत्रावर सही घ्यायची आणि 'त्यांना काहीतरी देऊ'. मोठ्या फुफूंच्या मुलांचं नावच निघालं नाही. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. बहीण माहेरचा हिस्सा मागत नाही, मागितला तर माहेर तुटतं, ही समजूत सगळ्यांचीच होती, फुफूंचीसुद्धा.

१९३७ चा शरियत कायदा आला तो रूढीपेक्षा शरियतचे नियम वर ठेवण्यासाठी. रूढींनी बायकांचे हिस्से बुडत होते, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. त्यातून शेतजमीन वगळली होती, पण आमचा प्रश्न घराचा होता. म्हणजे कायदाही होता आणि धर्माचा हुकूमही होता. नव्हता तो फक्त आकडा. 'काहीतरी' या शब्दात आकडा नसतो.

माझा प्रोग्रॅम तेव्हा अर्धवट होता. तो मी त्या महिन्यात पुरा केला. पहिला निर्णय असा घेतला की दशांश वापरायचेच नाहीत, सगळं अपूर्णांकात ठेवायचं, म्हणजे कुणाचा पैसाही गळणार नाही. मग नियम. दफनाचा खर्च, कर्ज आणि एक तृतीयांशापर्यंतची वसियत आधी बाजूला काढायची. मूल असेल तर बायकोला एक अष्टमांश, नवऱ्याला एक चतुर्थांश, आईला एक षष्ठांश. उरलेल्यातून मुलाला दोन, मुलीला एक. कधी ठरलेल्या हिश्शांची बेरीज एकापेक्षा जास्त होते. बायको, दोन मुली, आई आणि वडील मागं असतील तर २४ पैकी ३, १६, ४ आणि ४ मिळून २७ होतात. तिथं 'औल'चा नियम लागतो. २४ ऐवजी २७ भाग करायचे, म्हणजे प्रत्येकाचा हिस्सा त्याच प्रमाणात थोडा कमी होतो आणि बायकोचा अष्टमांश नवमांश होतो. हजरत अली यांनी हे उत्तर मिंबरवरून, खुतबा चालू असताना दिलं अशी परंपरा आहे, म्हणून या उदाहरणाला 'मिंबरिया' म्हणतात. माझ्या प्रोग्रॅमची पहिली परीक्षा मी याच उदाहरणावर घेतली.

खरी गोम पुढं होती. वाटणी व्हायच्या आधीच एखादा वारस गेला तर त्याचा हिस्सा त्याच्या वारसांकडं जातो. याला 'मुनासखा' म्हणतात. त्यामुळं प्रोग्रॅमला फक्त 'मागं कोण आहे' हे पुरत नाही. कोण कधी गेलं ते सांगावंच लागतं. आमच्या घरात ज्या मोठ्या फुफूंचा विषय निघत नव्हता, त्यांचं नाव आणि त्यांच्या इंतकालाची तारीख भरल्याशिवाय प्रोग्रॅम पुढं सरकत नव्हता.

हिशेब असा झाला. दादांच्या घराचे आधी ४८ भाग : दादीला ६, दोघा मुलांना प्रत्येकी १४, दोघी मुलींना प्रत्येकी ७. मग मोठ्या फुफूंच्या ७ भागांतून त्यांच्या पतींना चौथा हिस्सा, आईला म्हणजे दादीला सहावा आणि उरलेलं त्यांच्या मुलांना. मग दादी गेल्यावर तिचं सगळं दोन मुलगे आणि हयात असलेली एक मुलगी यांच्यात. शेवटी सगळ्यांना पूर्णांकात भाग मिळावेत म्हणून घराचे ११५२० भाग करावे लागले. अब्बांना ४०४८, चाचांना ४०४८, धाकट्या फुफूंना २०२४. मोठ्या फुफूंच्या पतींना ४२०, मुलाला ४९०, दोन्ही मुलींना २४५-२४५. बेरीज ११५२०.

मी कागद अब्बांपुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावून सगळे आकडे पेन्सिलीनं पुन्हा मिळवले. दुसऱ्या दिवशी ते कागद घेऊन मौलानांकडं गेले. मौलानांनी हातानं हिशेब केला, तोही तेवढाच आला. चाचा म्हणाले, "मशीन का क्या सुनना? घर की बात है." अब्बा म्हणाले, "मशीननं काही नवीन सांगितलेलं नाही. आपल्याला माहीत होतं तेच सांगितलंय. फक्त आकडा घालून." घर विकल्यावर धाकट्या फुफूंना त्यांचे पैसे मिळाले. त्यांनी ते आधी नाकारले, मग रडल्या, मग घेतले. मोठ्या फुफूंच्या मुलींच्या रकमा चाचांनी दोन हप्त्यांत दिल्या. त्या दोघींपैकी एकीनं त्या पैशातून शिलाई मशीन आणि कापड घेतलं. माहेर तुटलं नाही.

मुलीला मुलाच्या निम्मं का, हा प्रश्न मला माझ्या मैत्रिणी विचारतात. तो विचारण्यासारखा आहे आणि त्यावर आपल्या समाजात बोललं गेलं पाहिजे. पण बहुतेक घरांत भांडण निम्म्यावर अडलेलं नाही. तिथं शून्य चालू आहे आणि त्या शून्याला आपण माया म्हणतो. २०१९ मध्ये अब्बा गेले. चाळिसाव्यानंतर माझा भाऊ स्वतःहून म्हणाला, "आपा, तो प्रोग्रॅम चालव." त्या दिवशी मला आजवर मिळालेला सगळ्यात मोठा पगार मिळाला असं वाटलं.

नेमकेपणाचा एवढा गौरव केल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१९ च्या डिसेंबरात नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला आणि घरोघरी माणसं ट्रंका उघडून कागद काढू लागली. अम्मीचं नाव एका कागदावर रुखसाना, दुसऱ्यावर रुक्साना, तिसऱ्यावर रुकसानाबी. लिहिणाऱ्या कारकुनानं जसं ऐकलं तसं लिहिलं. यंत्राच्या लेखी ही तीन वेगळी माणसं. तेव्हा मी नावं जुळवणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला. कल्पना जुनी आहे. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ साली, सारखी ऐकू येणारी नावं एकाच खुणेखाली आणायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं होतं. ती पद्धत इंग्रजी अक्षरांची. देवनागरीसाठी आपले नियम आपणच करावे लागतात. ऱ्हस्व-दीर्घ एक धरायचे, क आणि ख जवळचे, शहा आणि शाह एकच. पण मुल्ला आणि मुलाणी ही वेगळी आडनावं, ती एक होता कामा नयेत. हिश्शात मोघम चालत नाही आणि नावात फार काटेकोरपणा चालत नाही. कुठं घट्ट राहायचं आणि कुठं सैल सोडायचं हे यंत्र ठरवत नाही, लिहिणारा ठरवतो. लिहिणाऱ्याला जर मोहल्ल्यातली नावंच माहीत नसतील तर तो ठरवणार कसा? आपल्या मुलामुलींनी या धंद्यात यावं असं मला वाटतं ते पगारासाठी आहेच, पण या कारणासाठीही आहे.

आता काळ पुन्हा बदलला आहे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि तेव्हापासून असं यंत्र मोघम बोललेलंही समजून घेतं. साध्या मराठीत सांगितलं तर ते प्रोग्रॅम लिहून देतं. माझ्या हाताखालची मुलं घाबरून विचारतात, मॅडम, आपलं काय होणार? मी एकदा त्याला आमच्या घराचा प्रश्न घातला, पण घरात जसा मांडला जात होता तसाच : दादा गेले, मागं बायको, दोन मुलगे, दोन मुली. उत्तर पटकन आलं आणि बरोबर आलं. ४८ भाग, ६, १४, १४, ७, ७. बेरीज जुळत होती. पण त्या हिशेबानं पैसे वाटायला बसलो असतो तर दादीचे ६ आणि मोठ्या फुफूंचे ७ भाग कुणाच्या हातात ठेवायचे? त्या दोघी कधीच गेल्या होत्या. यंत्रानं विचारलं नाही, कारण मी सांगितलं नव्हतं. जुळलेली बेरीजसुद्धा कुणाला तरी वगळून जुळलेली असू शकते.

म्हणून त्या मुलांना मी सांगते, ओळी लिहायचं काम यंत्र घेईल तर घेऊ दे. कुणाचं नाव राहिलंय हे विचारायचं काम आपलं आहे. माझा फराइजचा प्रोग्रॅम आता मराठीत आहे आणि नात्यांची नावंही आपलीच आहेत : अब्बा, अम्मी, दादी, फुफू. ज्यांना हवा असतो त्यांना मी तो फुकट देते. हिश्शांचं गणित त्यात नंतर येतं. आधी तो एकच प्रश्न विचारतो आणि उत्तर मिळाल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही : 'घरातलं कोण कोण गेलं, आणि कुणाच्या आधी कोण?'